आठवडे जातात कुठे? गर्भपाताचा कायदा, दवाखाना आणि घरातली माणसं

दर दोन-तीन महिन्यांनी पेपरात एक बातमी येतेच. "अमुक आठवड्यांच्या गर्भपाताला कोर्टाची परवानगी", नाहीतर "कोर्टाने परवानगी नाकारली". आणि मग आमच्या मावशीचा ठरलेला प्रश्न येतो. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, हात विडी वळतायत, मान वर नाही. "काय गं, ह्या बाया कोर्टात कशाला जातात? पाडणं गुन्हा हाय न्हवं?"

मावशीचं चुकतंय असं नाही, तिने आयुष्यात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसून एकच बोर्ड वाचलाय, "गर्भलिंग निदान करणे कायद्याने गुन्हा आहे". त्यातले "गर्भ" आणि "गुन्हा" हे दोन शब्द डोक्यात बसले, मधलं गळून गेलं. आणि खरं सांगू का, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ग्रॅज्युएट झालेल्या पोरीसुद्धा हेच समजून चालतात, त्यामुळे आज हा सगळा गुंता जमेल तेवढा सोडवून लिहितेय. मी डॉक्टर नाही, वकील नाही. पण गेली काही वर्षं ओळखीतल्या बायकांसोबत दवाखान्यात जाऊन बसलेय, फॉर्म भरलेत, आणि तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. लोक वाद घालतात गर्भपात चांगला की वाईट यावर, पण बाईच्या बाबतीत सगळा खेळ असतो आठवड्यांचा. किती आठवडे झाले, आणि त्यातले वाया कुणामुळे गेले.

आधी आठवडे मोजायला शिकू

इथेच निम्मी गडबड होते. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नाही. म्हणजे पाळी चुकली, आज चार दिवस उशीर झाला, म्हणून तुम्ही किट आणून टेस्ट केली आणि दोन रेघा आल्या, तर तुम्हाला वाटतं आत्ताच तर कळलं, पण डॉक्टरच्या कागदावर तुम्ही साडेचार आठवड्यांच्या असता. सुरुवातीलाच महिना गेलेला. हे बाईने काही केल्यामुळे नाही, मोजायची पद्धतच तशी आहे.

आता ही तारीख लक्षात ठेवायची कशी? आपल्या सोलापुरात बायका दिवस मोजतात पाण्यावर. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळे "परवाच्या पाण्याला", "मागच्या पाण्याच्या आदल्या दिवशी" अशीच भाषा. मी स्वतः ऐकलंय, डॉक्टरीणबाई विचारतायत शेवटची पाळी कधी आली, आणि बाई सांगतेय, पाणी रात्री दोनला आलं होतं ना मॅडम, त्या दिवशी. आता रात्री दोनला पाणी महिन्यातून किती वेळा येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. दोन पाळ्यांचा घोळ झाला की कागदावर चार आठवडे इकडचे तिकडे.

कायदा नेमका काय म्हणतो

गंमत अशी आहे की मावशी पूर्ण चुकीची नाही. इंग्रजांच्या काळातल्या दंड संहितेत, १८६० पासून, गर्भपात घडवून आणणं हा गुन्हाच होता, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम आहे, नंबर फक्त बदलला. मग डॉक्टर करतात ते कसं चालतं? तर १९७१ साली वेगळा कायदा झाला, वैद्यकीय गर्भपात कायदा, ज्याला दवाखान्यात सगळे एमटीपी म्हणतात. त्याने सांगितलं की ह्या ह्या अटीत, ह्या डॉक्टरने, ह्या ठिकाणी केला तर गुन्हा नाही.

सोपं करून सांगते. अख्खा रस्ता नो पार्किंग आहे आणि मध्ये पांढऱ्या पट्ट्यांचा एक चौकोन आखलाय, त्या चौकोनात गाडी लावली तर कुणी काही म्हणणार नाही. एमटीपी कायदा म्हणजे तो चौकोन. चौकोन बऱ्यापैकी मोठा आहे, पण आहे चौकोनच, रस्ता आपला नाही.

२०२१ मध्ये हा चौकोन वाढवला. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठराविक बायकांसाठी: बलात्कार झालेली, अठराच्या आतली, दिवस गेल्यावर नवरा वारला किंवा घटस्फोट झाला अशी, अपंग, मानसिक आजार असलेली, पोटातल्या बाळात गंभीर दोष असलेली, किंवा आपत्तीत सापडलेली. २४ च्या पुढे फक्त बाळात मोठा दोष असेल तर, आणि ते मेडिकल बोर्ड ठरवतं, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीवाले डॉक्टर अशी सरकारी समिती. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची अट नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

कारणं कोणती चालतात? बाईच्या जिवाला धोका, तिच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होण्याची शक्यता, बाळात दोष, बलात्कार, आणि गर्भनिरोधक साधन फेल जाणं. हे शेवटचं पूर्वी फक्त लग्न झालेल्या बाईला लागू होतं, २०२१ ला "नवरा" हा शब्द जाऊन "जोडीदार" आला. पुढे २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, आणि या कायद्यापुरतं नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारातच धरायची.

तर मावशी, कोर्टात त्याच बाया जातात ज्यांचे आठवडे चौकोनाबाहेर गेलेत. आणि एक कारण असं की बाळाचे अवयव नीट बघायची सोनोग्राफी होते अठरा ते वीस आठवड्यांत, तिथे दोष दिसला की पुढच्या तपासण्या करेपर्यंत चोवीस ओलांडतात.

अंगावर दूध पाजतेय म्हणून निवांत

ऑक्टोबर २०२३ ची केस आठवत असेल. दोन लेकरांची आई, लग्न झालेली, सव्वीस आठवडे. तिला कळलंच नव्हतं, कारण धाकटं अंगावर पीत होतं आणि पाळी सुरूच झाली नव्हती. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनची औषधं चालू होती. सुप्रीम कोर्टाने आधी परवानगी दिली, मग प्रकरण परत ऐकलं आणि शेवटी नाकारली. टीव्हीवर लोक विचारत होते, सव्वीस आठवडे बाई काय झोपली होती का?

आपल्याकडे घरोघरी सांगतात, अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत. हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच घात होतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि पाळी परत आलेली नाही, ह्या तिन्ही गोष्टी असतील तरच ते काम करतं. एक जरी सुटली तर भरवसा नाही. आणि पाळी यायच्या आधी बीज बाहेर पडतं, म्हणजे बाईला एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. आमच्या गल्लीत अशी दोन लेकरं शाळेत जातायत.

एका बाईचे आठवडे

आता कुंभारीकडच्या विडी घरकुलातली (विडी कामगारांची वसाहत) एक बाई सांगते. नाव नाही सांगत, काही तपशीलही बदललेत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, मला अक्का म्हणते. दोन मुली. नवरा पॉवरलूमवर.

पाळी चुकली हे तिच्या लक्षात यायला सहा आठवडे झाले होते, कारण वर सांगितलं तेच, पाण्याचा हिशोब. सातव्यात शेजारणीकडून किट मागवलं, स्वतः मेडिकलमध्ये गेली नाही, मेडिकलवाला दिराच्या ओळखीचा. दोन रेघा. सासूला कळलं. सासू म्हणाली, असू दे, ह्या वेळी मुलगा होईल. दोन आठवडे त्या वादात. नवव्यात एका खाजगी दवाखान्यात गेली, तिथे काउंटरवरच सांगितलं, नवऱ्याला आणा, सही लागेल. नवरा तेव्हा भिवंडीला, भावाकडे मागावर कामाला. तो यायला दहा-बारा दिवस. अकरावा आठवडा लागला. तो आला, मग दवाखान्याने खर्च सांगितला, तो ऐकून दोघं खालच्या पायरीवर बसून राहिली. बचत गटाची मीटिंग पुढच्या आठवड्यात. आणि दरम्यान कुणीतरी म्हणालं, कशाला एवढे पैसे, अमक्या गल्लीतला डॉक्टर गोळ्या देतो.

तो काही डॉक्टर नव्हता. गोळ्या कागदाच्या पुडीत, पाकीट नाही, चिठ्ठी नाही. बारा आठवडे उलटून गेलेले. चार दिवस अंगावरून जात होतं आणि ही चार दिवस खाली जाडी घडी घालून विड्या वळत बसली, कारण हजार भरले नाहीत तर हातात काही येत नाही. पाचव्या रात्री न्हाणीत चक्कर येऊन पडली. रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं, अर्धवट गर्भपात, पिशवी साफ करावी लागली, दोन पिशव्या रक्त चढवलं. वाचली.

मी भेटायला गेले तर उशाशी तिची विड्यांची वही. म्हणाली, अक्का, हे बघा. त्या चार दिवसांचे आकडे. नऊशे, आठशे, साडेसहाशे, चारशे.

मोजून बघा. कायद्याच्या हिशोबाने ती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चौकोनाच्या आत होती. वीस आठवड्यांचा प्रश्नच आला नव्हता. कुठल्या कोर्टाची गरज नव्हती. सहा आठवडे पाण्याच्या हिशोबाने खाल्ले, दोन सासूने, दोन नवऱ्याच्या सहीने, आणि उरलेले पैशाने.

"नवऱ्याची सही लागतेच ना पण?"

नाही. अजिबात नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची फक्त स्वतःची सही लागते. नवरा, सासू, बाप, भाऊ कुणाचीच नाही. लग्न झालंय का हेही त्या सहीला महत्त्वाचं नाही. वय अठराच्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची संमती.

मग दवाखाने मागतात का? भीतीने. उद्या नवरा येऊन धिंगाणा घालेल, तोडफोड करेल, म्हणून आधीच कागद करून ठेवतात. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, दवाखान्यातली भांडणं आपण बघितलीत. पण तुमच्या भीतीची किंमत तिने दोन आठवड्यांनी का द्यावी? काही ठिकाणी तर अजून पुढची अट, आधी मूल बंद करायच्या ऑपरेशनला नाहीतर तांबीला (कॉपर टी) हो म्हण, मग करतो. सल्ला देणं वेगळं आणि अडवून धरणं वेगळं. अशी अट कायद्यात कुठेही नाही.

आणि नाव फुटायची भीती. सोलापूर म्हणजे शेवटी मोठं गावच, ओपीडीच्या रांगेत कुणीतरी माहेरच्या गल्लीतलं भेटणारच. म्हणून अक्कलकोटची बाई सोलापूरला येते, सोलापूरची पुण्याला जाते, त्यात अजून आठवडा. कायदा म्हणतो बाईचं नाव कुणालाही सांगायचं नाही, कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती सोडून, आणि सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही शिक्षा २०२१ ला आली. काउंटरवर मोठ्याने "एमटीपीवाली कोण?" असं ओरडणाऱ्या भाऊंना हे कुणी सांगितलंय का माहीत नाही.

सतरा वर्षांची सून

ह्यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहिते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आपला जिल्हा ह्या बाबतीत राज्याच्या बराच पुढे आहे, आणि हे पुढे असणं अभिमानाचं नाही.

आता सतरा वर्षांची मुलगी, लग्न झालेलं, दिवस गेले. दवाखान्यात गेली की वय लिहावं लागतं. अठराच्या आत म्हणजे पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा, डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग आहे, न कळवलं तर डॉक्टरवर केस. म्हणजे नवरा आत, बालविवाह लावणारे आईबाप अडचणीत. घरचे काय करतील? ती दवाखान्यात जाऊच नये असं बघतील. एकतर बाळंतपण होऊ देतील, नाहीतर पुडीतल्या गोळ्या. जो कायदा तिला वाचवायला केला तोच तिला दवाखान्याच्या दारापासून लांब ठेवतो, अशी ही विचित्र गाठ आहे.

सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या त्याच निकालात यातून थोडी वाट काढली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना माहिती द्यायची, पण तिचं नाव-पत्ता उघड करायची गरज नाही. म्हणजे गर्भपाताची वाट मोकळी राहावी. हे अजून बऱ्याच डॉक्टरांनाच माहीत नाही तर मुलीच्या सासूला कुठून असणार.

"गोळ्या मिळतात की मेडिकलमध्ये, एवढं काय त्यात"

आधी एक गोंधळ मिटवू. बहात्तर तासांची गोळी म्हणजे गर्भपाताची गोळी नाही. ती दिवस राहू नयेत म्हणून संबंधानंतर लवकरात लवकर घ्यायची. एकदा दिवस राहिले की तिचा काही उपयोग नाही.

गर्भपाताच्या गोळ्या दोन वेगळ्या औषधांच्या असतात, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. नावं एकदा वाचा आणि विसरून जा, काम लक्षात ठेवा. गर्भ टिकून राहतो तो एका हार्मोनवर. पहिली गोळी त्या हार्मोनचं काम थांबवते, म्हणजे पाण्याच्या मोटारीचा मेन स्विच बंद. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या दुसऱ्या गोळ्या पिशवीला आकुंचन आणून टाकी रिकामी करतात. आपल्याकडे नियमाने नऊ आठवड्यांपर्यंत हे चालतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. वेळेत आणि बरोबर घेतल्या तर शंभरातल्या पंच्याण्णवच्या आसपास बायकांचं तेवढ्यानेच होतं, पिशवीला हात लावायची वेळ येत नाही. औषध वाईट नाही हो, चांगलंय. जगभर वापरतात.

पण दोन गोष्टी गोळीला कळत नाहीत. एक, किती आठवडे झालेत. दोन, गर्भ पिशवीतच आहे का. कधीकधी तो गर्भनलिकेत राहतो, बायका त्याला नळीतलं म्हणतात. टाकी गच्चीवर आणि तुम्ही स्विच बंद करताय तळघरातला, असा प्रकार. गोळी घेतली, थोडं अंगावरून गेलं, बाईला वाटलं झालं, आणि नळी वाढत वाढत फुटते. पोटात रक्तस्राव. म्हणून आधी तपासणी, ते काही डॉक्टरचं पैसे काढणं नाही.

आता आकडा सांगते जो वाचून मी चमकले होते. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१५ साली भारतात साधारण १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले ७३ टक्के गोळ्यांनी, दवाखान्याबाहेर. दवाखान्यात झालेले फक्त २२ टक्के. ह्याचा अर्थ ७३ टक्के बायका मरणाच्या दारात गेल्या असा नाही, बहुतेकींचं नीट झालं असणार, पण त्यांच्या बाजूला विचारायला कुणी नव्हतं. आणि आपल्याकडे अजून वेगळीच अडचण, महाराष्ट्रात गर्भलिंग प्रकरणांनंतर एवढी कडक तपासणी झाली की बऱ्याच मेडिकलवाल्यांनी ह्या गोळ्या ठेवणंच सोडलं, कोण रेकॉर्ड ठेवणार आणि कोण इन्स्पेक्टरला तोंड देणार. सरळ दुकानात मिळेना, मग पुडीवाल्याचं फावलं.

गोळ्या घेतल्यावर तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं दोन तास चाललंय, एक दिवसाहून जास्त ताप, पोटात सहन न होणारं दुखणं, चक्कर, किंवा रक्त अजिबातच न जाणं, यातलं काहीही झालं तर लाज बाजूला ठेवून दवाखाना. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी आहे, त्यात चार दिवस वाहू देणं म्हणजे काय ते वर वहीत बघितलं.

"सोपं केलं तर मुलीच पाडतील"

हा आक्षेप खरा आहे आणि तो आपण कमावलाय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली, त्याआधी २००१ ला ९१३ होत्या. आपलं राज्य १९८८ ला गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं देशातलं पहिलं, आणि तरी हे. देशाचा कायदा १९९४ चा, ज्याचा तो बोर्ड मावशीने वाचला.

पण दोन कायद्यांची कामं वेगळी आहेत. त्या कायद्याने गुन्हा आहे मुलगा की मुलगी हे बघणं आणि सांगणं. गर्भपात हा त्याचा विषय नाही. आणि आठवडे परत मोजा. सोनोग्राफीत लिंग भरवशाने दिसायला साधारण तेरा-चौदा आठवडे व्हावे लागतात. (रक्ताच्या नव्या टेस्टमध्ये आधीही कळू शकतं, सांगणं तिथेही गुन्हाच.) म्हणजे जी बाई सात-आठ आठवड्यांची असताना येते, तिला मुळात माहीतच नाही काय आहे ते. तिला अडवून तुम्ही कुठली मुलगी वाचवली? उलट तिला हेलपाटे घालायला लावून चौदाव्या आठवड्यात ढकललंत, आणि आता तीच बाई संशयित झाली. बारा आठवड्यांनंतर आलेल्या बाईकडे दवाखान्यात कसं बघतात ते मी बघितलंय. पहिला प्रश्न, आधीच्या मुलीच का?

"एवढं होईपर्यंत थांबायचं कशाला, ऑपरेशन करून घ्यायचं"

घेतात की. त्याच आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात लग्न झालेल्या बायकांपैकी ४९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा? ०.४ टक्के. अर्धा टक्काही नाही, आणि पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं, टाकाही लागत नाही बऱ्याचदा. ह्यावर मी काही बोलत नाही, आकडा पुरे आहे.

पण खरी अडचण ऑपरेशनच्या आधीची आहे. लग्न ते ऑपरेशन मधली पाच-सहा वर्षं. दोन लेकरांत अंतर हवंय, किंवा दुसरं हवं का ते ठरत नाही. त्या काळात तांबी आहे, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट. आशाताई देतातही. पण तांबी वर सरकते, इंजेक्शनने अंग सुजतं, असं काही ना काही सासूने ऐकलेलं असतं आणि निरोधला नवरा हात लावत नाही. आणि कुठलंही साधन शंभर टक्के नाही, ऑपरेशन झालेल्या बाईलाही क्वचित दिवस जातात. तिने काय करायचं?

"मोकळं रान मिळेल" वगैरे म्हणणाऱ्यांना एवढंच, गर्भपाताच्या खोलीबाहेर मी बघितलेल्या बहुतेक बायका मंगळसूत्र घातलेल्या, एक-दोन लेकरं झालेल्या होत्या. एक तर मोठ्या मुलाला ट्यूशनला सोडून आली होती.

हे काही आजचं नाही. १८७५ साली आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात, प्रार्थना समाजाच्या लोकांनी टाकलेल्या लेकरांसाठी आश्रम काढला, कारण दिवस गेलेल्या विधवांना तीर्थाच्या नावाखाली तिथे आणून सोडायचे. त्याआधी १८६३ ला पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तेव्हाही बाईला घरातल्यांपासून लपायलाच गावाबाहेर जावं लागत होतं.

कुणाला लागलंच तर

पाळी चुकली की आठवड्याभरात टेस्ट. तारीख कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथे, नुसतं एक टिंब काढलं तरी चालेल. दवाखाना निवडताना विचारा, एमटीपीची मान्यता आहे का, सर्टिफिकेट लावलेलं असतं. सरकारी दवाखान्यांना वेगळी मान्यता लागत नाही, खर्च नावापुरता, आपल्या सिव्हिलला आणि तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात विचारता येतं. करणारे डॉक्टर एमबीबीएस आणि त्यापुढचे, ठराविक अनुभव किंवा ट्रेनिंग घेतलेले; आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांना परवानगी नाही, कितीही ओळखीचे असले तरी. बारा आठवड्यांच्या आत सहसा एकतर गोळ्या (नऊ आठवड्यांपर्यंत), नाहीतर नळीने ओढून घेतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. पूर्वीसारखं खरवडणं आता जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. कुणी सही मागितली तर शांतपणे म्हणायचं, माझं वय अठराच्या पुढे आहे, कायद्यात माझीच सही लागते. शक्यतो कुणीतरी सोबत घेऊन जा, एकटीला काउंटरवर जास्त खेचतात.

हे सगळं मावशीला वाचून दाखवलं. तिने पंचवीसची कट्टी बांधली, दोरा दाताने तोडला.

"मग त्या बोर्डावर हे का न्हाई लिहित? काय गुन्हा हाय ते लिवलंय, काय चालतं ते कुणी लिवायचं?"

मी म्हटलं, माहीत नाही मावशी.

"आन् ती घरकुलातली पोरगी? बरी हाय का आता?"

बरी आहे. परवा फोन केला होता, पाणी यायच्या वेळेला, म्हणून नीट बोलणं झालं नाही.